वस्तीतल्या दवाखान्याला पैसे कोण देतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात असते. आरोग्यात काहीतरी स्वस्तात करू बघणाऱ्या लोकांचे फंडिंगचे अर्ज वाचते, दुरुस्त करून देते, कधीकधी अर्ज निवडणाऱ्यांच्या टेबलावरही बसते. डॉक्टर, इंजिनिअर पोरं, मेडिकलवाले, बचत गटातल्या ताया, सगळे फोनवर तेच तेच विचारतात म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. नियम बदलत राहतात, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी सीएला दाखवाच, नंतर मला शिव्या नकोत.

सोशल आंत्रप्रेन्योर म्हणजे शेवटी एनजीओच ना?

असेलही, नसेलही. रजिस्ट्रेशन काय आहे त्यापेक्षा रोजचा खर्च कशातून निघतो ते बघायचं. दरवर्षी देणग्या गोळा करून शिबिर घेणारी संस्था चांगलं काम करत असेल, पण देणगी थांबली की शिबिर थांबतं. सोशल आंत्रप्रेन्योर म्हणजे जो पेशंटकडून, सरकारकडून किंवा दुसऱ्या कुणाकडून रीतसर पैसे येतील अशी घडी बसवतो आणि तरी भाव गरिबाच्या आवाक्यात ठेवतो.

सगळे ज्याचं नाव घेतात ते मदुराईचं अरविंद, डोळ्यांचं हॉस्पिटल. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केलं. ज्यांना परवडतं ते पैसे भरतात, ज्यांना परवडत नाही त्यांचं ऑपरेशन फुकट किंवा नाममात्र पैशात, आणि सर्जन दोन्हीकडे तेच. लोक इथपर्यंत सांगतात आणि थांबतात, पण खरी गोम भिंगात आहे. मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवायचं भिंग तेव्हा बाहेरून यायचं, किंमत शंभर डॉलरच्या घरात, म्हणून त्यांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून भिंग स्वतःच बनवायला घेतलं आणि किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली. म्हणजे नुसत्या दयेवर ते चाललं नाही, खर्चातला सगळ्यात जाड आकडा कुठला ते शोधून त्यालाच हात घातला. तुमच्या कामात हा जाड आकडा कुठला? बहुतेकांना सांगता येत नाही.

पैसे नेमके किती प्रकारचे असतात? सगळे ग्रँटच म्हणतात.

ग्रँट परत करायची नसते. कर्ज व्याजासकट परत करायचं असतं. इक्विटी म्हणजे कंपनीतला हिस्सा द्यायचा, आणि समोरचा पाच-सात वर्षांत तो हिस्सा नफ्यात विकून बाहेर पडायची वाट बघत असतो, हे सही करताना कुणी मोठ्याने बोलत नाही. ग्रँट आणि या परताव्याच्या पैशांच्या मधला एक प्रकार आहे, थांबायची तयारी असलेला पैसा. २००१ मध्ये जॅकलिन नोव्होग्राट्झ यांनी सुरू केलेल्या अक्युमेन या ना-नफा फंडाने त्याला पेशंट कॅपिटल हे नाव रूढ केलं. पेशंट म्हणजे इथे रुग्ण नाही, धीर धरणारा. (एका डॉक्टरांनी मला खरंच विचारलेलं की हे पेशंटकडून गोळा करायचे का.)

मुंबईची १२९८ ॲम्ब्युलन्स हे त्याचं आपल्याकडचं चांगलं उदाहरण. पेशंटला कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं त्यावर भाडं ठरायचं, महागड्या प्रायव्हेटला गेलात तर पूर्ण, सरकारी हॉस्पिटलला गेलात तर कमी. दारात उभं राहून उत्पन्नाचा दाखला मागायची गरजच नाही. त्या कंपनीत, झिकित्झामध्ये, अक्युमेनने २००७ मध्ये पैसे घातले. हैदराबादची लाइफस्प्रिंग प्रसूतिगृहंसुद्धा तशीच, त्यात अक्युमेन आणि सरकारी कंपनी एचएलएल निम्मे-निम्मे भागीदार होते.

पाचवा प्रकार म्हणजे कामाचा निकाल लागला तर पैसे. राजस्थानात बाळंतपणाच्या सेवेसाठी 'उत्कृष्ट' नावाचा इम्पॅक्ट बाँड असाच होता. ऐकायला भारी आहे पण कागदपत्रं इतकी की छोट्या टीमने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

पेशंट गरीब, फी कमी. मग पैसे परत कुठून करणार?

हा खरा प्रश्न, आणि इथेच बहुतेकांचं गाडं अडतं, म्हणून जरा आकड्यात सांगते. समजा वस्तीत एक गाळा घेतला. डॉक्टर महिना ६०,०००, नर्स आणि रिसेप्शनची मुलगी मिळून २५,०००, भाडं १२,०००, लाइट-नेट-बायोमेडिकल कचऱ्याची गाडी ३,०००. झाले एक लाख. फी ८० रुपये, महिन्याचे २६ दिवस. खर्च भागायला रोज ४८ पेशंट हवेत.

पहिल्या महिन्यात ४८ येत नाहीत. १५ येतात, त्यातले चार शेजारच्या डॉक्टरांकडची गर्दी संपेपर्यंत बसायला आलेले असतात. १५ च्या हिशोबाने ३१,२०० जमा, ६८,८०० खड्डा. हळूहळू पेशंट वाढत दीड वर्षात ४८ वर गेले असं धरलं तरी तोपर्यंतचे सगळे खड्डे मिळून सहा लाखांच्या वर जातात, आणि यात अजून टेबल-खुर्ची, बीपीचं मशीन, फ्रीज धरलेलाच नाही.

आता हे सहा लाख जर बँकेच्या कर्जातून आणले तर दुसऱ्या महिन्यापासून हप्ता सुरू, मग डॉक्टर नकळत जास्तीचं सलाइन लावायला लागतात, तपासण्या वाढतात, आणि ज्यासाठी दवाखाना काढला तेच बुडतं. कुणी वाईट नसतं, हप्ता वाईट असतो. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं की खड्डा भरायला ग्रँट किंवा धीराचा पैसा घ्या, औषधांचा माल भरायला कर्ज घ्या, कारण माल विकला की कर्ज फिटतं, आणि दहा दवाखाने चालतात हे दिसल्याशिवाय इक्विटीकडे बघूही नका.

कर्जात सरकारची मुद्रा योजना आहे (आधीचं 'तरुण' गटातलं कर्ज नीट फेडलं असेल तर आता २० लाखांपर्यंत), तारण नसेल तर सीजीटीएमएसई या सरकारी ट्रस्टची कर्जाला हमी आहे. पण परत सांगते, मालासाठी.

ताई, गरिबांकडून फी घ्यायचीच कशाला? फुकट द्या ना.

येरवड्यातल्या एका वस्तीत मी एकदा दुपारभर नुसती बसून होते, अर्जात लिहिलंय तसं खरंच चालतं का बघायला. एक मावशी आल्या, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या. बीपीची गोळी महिन्याची लिहून दिलेली, त्या म्हणाल्या चारच द्या, बाकीच्या शनिवारी. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की बऱ्याच जणांचं असंच, घरातल्या माणसाची मजुरी शनिवारी मिळते, शनिवार चुकला की गोळी चुकते. पुढच्या वेळी गेले तर त्यांनी सात-सात गोळ्यांची पाकिटं करून ठेवलेली, शनिवारी संध्याकाळी दवाखाना नऊपर्यंत उघडा. भाव तोच होता, फक्त तो आठवड्यात बसवला. फुकट वाटणाऱ्याला हे कधी कळलंच नसतं, कारण फुकटच्या रांगेत कुणी तक्रार करत नाही.

पण दुसरी बाजू पण आहे. प्रत्येक गोष्टीचा धंदा होत नाही आणि करूही नये. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळेंनी १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या बाईकडून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली, बालमृत्यू किती कमी होतात त्याचे आकडे १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे ते काम देशभरच्या आशाताईंच्या कामात गेलं. त्या बाळंतिणीकडून फी घेऊन हे उभं राहिलं असतं का? नाही. तिथे ग्रँटच लागते, आणि शेवटचा गिऱ्हाईक सरकार असतं. तुमचं काम या प्रकारचं असेल तर नफ्यातोट्याचं एक्सेल घेऊन इन्व्हेस्टरकडे जाऊ नका, दोघांचा वेळ जातो.

आता तर सरकारी योजनेत ५ लाखांचं कव्हर आहे, मग स्वस्त दवाखान्याची गरजच काय?

२०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली योजना आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि केंद्राची आयुष्मान २०१८ पासून आहे, दोन्हींचा फायदा मोठा आहे, यात वाद नाही. पण त्या ॲडमिट होऊन करायच्या उपचारांच्या आहेत. ताप, खोकला, शुगर, दर महिन्याची गोळी, सोनोग्राफीसाठी बुडालेला दिवस, हे सगळं खिशातूनच. देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. कमी झाला, पण ३९ काही कमी नाही.

तुमचं छोटं हॉस्पिटल योजनेत असेल तर क्लेम पास होऊन खात्यात पैसे यायला वेळ लागतो हे धरूनच चाला, निदान तीन-चार महिन्यांचा पगार बाजूला असू द्या. चांगली चाललेली हॉस्पिटलं तोट्याने नाही, या मधल्या महिन्यांनी बंद पडतात.

ॲडमिट व्हायच्या खर्चासाठी लोकांनी आपापसात वर्गणी काढायचा मार्गही आहे, पुण्यात आणि मुंबईत डॉ. मेधा पुरव-सामंत यांचा अन्नपूर्णा परिवार हे करत आलाय, त्यांच्याकडून कर्ज घेतलेल्या वस्तीतल्या बायका स्वतःच क्लेम मंजूर करायला बसतात. कोण खरंच आजारी होतं ते त्यांना विम्याचे क्लेम तपासणाऱ्या कुठल्याही टीपीए कंपनीपेक्षा जास्त माहीत असतं!

सीएसआर कसा मिळवायचा? ओळख लागते का?

ओळख असली तर फोन उचलला जातो, चेक येतोच असं नाही.

सीएसआर म्हणजे कंपनीने नफ्यातून समाजकामावर करायचा खर्च. आधी कायदा. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५. नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी त्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. घेणाऱ्याकडे १२ए (संस्थेची करमाफी), ८०जी (देणगीदाराला करसवलत) या आयकराच्या नोंदण्या आणि २०२१ पासून सीएसआर-१ या फॉर्मचा नंबर हवा, आणि तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव. इथेच नवीन माणूस अडकतो, कारण तीन वर्षं काम करायला पैसे नाहीत आणि पैसे मिळायला तीन वर्षं काम हवं. यावर उपाय म्हणजे जुन्या, नाव असलेल्या ट्रस्टच्या खाली प्रोजेक्ट म्हणून सुरू करायचं. लाज वाटायचं कारण नाही, बरेच जण तसेच सुरू झालेत.

प्रायव्हेट लिमिटेडला सीएसआरची ग्रँट थेट मिळत नाही. फार तर तुम्ही त्या ट्रस्टला सेवा विकता आणि बिल लावता.

अजून एक, सीएसआरवाले तुम्हाला सांगतील की ॲडमिनला पाचच टक्के. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर खात्याच्या खर्चावर आहे, तुमच्या नर्सच्या पगारावर नाही. पण हे तावातावाने नाही, हसून सांगायचं.

वेळ कधी? जानेवारी ते मार्च धावपळ असते, खर्च न झालेले पैसे संपवायचे असतात, तेव्हा मशीन मिळतं. चालवायचा खर्च मात्र मिळत नाही. मी तीन वस्त्यांत डोनेटचा बोर्ड लावलेलं, कव्हर घातलेलं ईसीजी मशीन बघितलंय, पेपर रोल संपला की मशीन संपलं. मशीन घेताना दोन वर्षांचे रोल आणि शिकवायचा खर्च त्याच पत्रात मागा. आणि शहरांत सीएसआर जास्त जातो हे खरंच आहे, पण गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव हे केंद्राच्या यादीतले आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेले, जिल्हे आहेत, तिथे काम असेल तर पत्राच्या पहिल्या ओळीत लिहा.

ट्रस्ट, सेक्शन ८ की प्रायव्हेट लिमिटेड?

देणग्यांवर जास्त भर असेल तर सेक्शन ८ (कंपनी कायद्यातली ना-नफा कंपनी) किंवा ट्रस्ट (ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे चकरा आल्या), माल विकायचा असेल आणि गुंतवणूक घ्यायची असेल तर प्रायव्हेट लिमिटेड. दोन्ही काढू का, असं विचारणारे खूप असतात. काढा, पण दोन ऑडिट, दोन बँक खाती आणि एकीकडचा पैसा दुसरीकडे गेला तर डोक्याला ताप, हे समजून काढा.

आम्ही इंजिनिअर आहोत, स्वस्त मशीन बनवतोय. आम्हाला कोण देणार?

तुमची स्थिती दवाखान्यापेक्षा बरी आहे, खरं सांगायचं तर. बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेची 'बिग' नावाची ग्रँट ५० लाखांपर्यंत आहे, १८ महिन्यांसाठी, आणि तिच्यासाठी पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारातलं व्हेंचर सेंटर हे इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणारं केंद्र, आहे. आयआयटी मुंबईत बेटिक आहे, डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसवायला. स्टार्टअप इंडिया सीड फंडातून प्रोटोटाइपसाठी २० लाखांपर्यंत ग्रँट आणि पुढे बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा नंतर शेअरमध्ये बदलणाऱ्या स्वरूपात मिळत आलंय, इन्क्युबेटरमार्फत, अर्ज अजून घेतात का ते आधी विचारा. सामाजिक उद्योगांसाठी चेन्नईचं विल्ग्रो हे इन्क्युबेटर जुनं आहे.

पण दोन ठिकाणी पैसे कमी पडतात आणि दोन्ही अर्जात दिसत नाहीत. पहिलं, टेस्टिंग आणि लायसन्स. मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ प्रमाणे तुमचं यंत्र ए, बी, सी की डी कुठल्या वर्गात बसतं ते पहिल्याच महिन्यात बघा, क्लिनिकल ट्रायल लागली तर वर्ष जातं. दुसरं म्हणजे यंत्र स्वस्त, पण दर वेळी लागणारी पट्टी महाग. ग्लुकोमीटर घरी पडून आहे, स्ट्रिप संपल्यात, हे आपल्या सगळ्यांच्या घरात आहे की नाही? मग यंत्राची नाही, एका तपासणीची किंमत लिहा.

न्यू जर्सीतले मित्र पैसे पाठवतो म्हणतायत. घेऊ?

मित्राचा पासपोर्ट बघा, गंमत नाही करत. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ते परदेशी योगदान धरत नाहीत. अमेरिकन नागरिक झाला असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी, ते परदेशी योगदान, आणि संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची नोंदणी, लागतंच. ते मिळायला साधारण तीन वर्षांचं काम आणि तेवढ्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतात, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ते पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये शेअर घेणार असेल तर एफसीआरए नाही, ते एफडीआय (परदेशी गुंतवणूक), फेमा या परकीय चलन कायद्याचे वेगळे नियम.

मंडळाच्या गणपतीत जमलेले डॉलर कुणाच्या तरी पर्सनल खात्यातून फिरवू असा सल्ला कुणी देत असेल तर त्याच्याकडचा चहासुद्धा पिऊ नका.

सोशल स्टॉक एक्स्चेंज ऐकलंय, ते काय?

शेअर बाजाराचाच एक वेगळा विभाग, जिथे समाजकाम करणाऱ्या संस्था पैसे उभारतात. सेबीने २०२२ मध्ये नियम काढले, पहिली लिस्टिंग २०२३ च्या शेवटी झाली. झीरो कूपन झीरो प्रिन्सिपल नावाचा बाँड असतो, म्हणजे व्याज नाही आणि मुद्दलही नाही, म्हणजे आपल्या भाषेत पावती असलेली देणगी. छोट्या संस्थेने घाई करू नये, अहवाल आणि ऑडिट झेपायला हवं.

एकाच मोठ्या फंडावर राहिलं तर काय बिघडतं?

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने यूएसएड या आपल्या परदेशी मदत संस्थेचे पैसे थांबवले आणि जगभरच्या चालू आरोग्य प्रोजेक्टांना मधेच थांबावं लागलं. अजून काय सांगू.

इम्पॅक्ट म्हणून काय लिहू? "१०,००० जीवनांना स्पर्श" चालेल?

नाही हो. स्पर्श मोजता येत नाही. पहिल्यांदा आलेले शंभर शुगर पेशंट, त्यातले सहा महिन्यांनी परत आलेले किती आणि त्यांची शुगर कुठे आहे, एवढं लिहा. शंभरातले ३८ परत आले असं प्रामाणिक लिहिलेला अर्ज मी दहा हजारवाल्याच्या वर ठेवते आणि बाकीच्यांशी त्यावर भांडते.

माझा अर्ज का नाकारला, कुणी सांगतच नाही.

सांगत नाहीत, खरंय, आणि ती आमच्या बाजूची वाईट सवय आहे. बऱ्याचदा कारण फालतू असतं. मी स्वतः एका संस्थेचा अर्ज चार महिने खपून तयार केला होता, टीम चांगली, हिशोब चोख, आणि शेवटच्या आठवड्यात कळलं की १२ए ची मुदत संपली आणि नूतनीकरण कुणी केलंच नव्हतं. फंडवाल्यांनी दोन ओळींचं ईमेल पाठवलं. चूक आमचीच होती, पण मला आठवडाभर जेवण गेलं नाही.

बाकी कारणं म्हणजे सगळं एका डॉक्टरवर अवलंबून, ते आजारी पडले तर काय याचं उत्तर नाही. किंवा डॉक्टरचा पगारच धरलेला नाही, कारण डॉक्टर संस्थापक आहेत आणि मनाने मोठे आहेत. तुम्ही मोठे आहात, दुसऱ्या दवाखान्यात नोकरीला येणारा डॉक्टर पगार मागणारच आहे, म्हणून स्वतःचाही बाजारभावाने पगार धरा, घेऊ नका हवं तर. नर्सिंग होमची नोंदणी नाही, फायर एनओसी नाही, हे तर रोजचंच.

पिच डेक (फंडवाल्यांना दाखवायच्या स्लाइड्स) इंग्रजीतच लागतो का?

बहुतेक ठिकाणी हो, दुर्दैवाने. बोलताना मराठी-हिंदी चालतं. इंग्रजी कुणाकडून तरी करून घ्या पण आकडे स्वतः पाठ करा, डेक बनवणाऱ्या मुलाला मीटिंगला घेऊन जाऊ नका.

मी उलट्या बाजूने विचारतोय. मला दोन-पाच लाख द्यायचेत, कुणाला देऊ?

कमी लोक विचारतात हे. नाव सांगत नाही, पण कसं बघायचं ते सांगते. अहवाल मागू नका, तो सगळ्यांचा चकचकीत असतो. आधी न कळवता संध्याकाळी सात वाजता जा, त्या वेळी वस्तीतले लोक कामावरून आलेले असतात. दवाखाना उघडा आहे का, भाव बाहेर मराठी-हिंदीत लिहिलेत का, उधारीची वही आहे का आणि त्यातली जुनी नावं खोडली गेलीत का ते बघा. मग पैसे द्यायचे ठरलं तर मशीन देऊ नका, एका नर्सचा दोन वर्षांचा पगार द्या. त्यावर नावाची पाटी लावता येत नाही, तेवढं चालणार असेल तर फोन करा.